गुडघ्याच्या अस्थिबंध पुनर्रचनेतील ग्राफ्टची निवड

गुडघ्यातला पुढचा क्रूस अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारा पट्टा), म्हणजे सगळे ज्याला ‘एसीएल’ म्हणतात तो, पूर्ण तुटला की बहुधा टाके घालून भागत नाही. त्याच्या जागी एखादी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, दुर्बिणीतून बसवतात. ती कंडरा म्हणजे ग्राफ्ट. बहुतेक वेळा ती रुग्णाच्याच अंगातून घेतली जाते, क्वचित मृत दात्याकडून.

पाय जमिनीवर रोवलेला आणि वरचे अंग वळले की हा अस्थिबंध तुटू शकतो. वडोदऱ्यात त्याला निमित्ते पुष्कळ: नवरात्रातल्या गरब्याच्या गिरक्या, खो-खोतली हुलकावणी, मल्लखांबावरून चुकलेली उडी. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव हाडे बसवण्यातही नावाजलेले होते. अशी परंपरा असलेल्या शहरात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निखळलेला सांधा जाणता माणूस बसवू शकतो. तुटलेला एसीएल चोळून किंवा बांधून जुळत नाही.

ब्रिटिश शल्यविशारद अर्नेस्ट हे-ग्रोव्हज यांनी 1917 साली मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या ऊतींची पट्टी वापरून ही पुनर्रचना केली. 1963 मध्ये केनेथ जोन्स यांनी गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा वापरली. ही कंडरा आजही मानाची समजली जाते. तिचा मधला साधारण 10 मिलिमीटर रुंदीचा भाग दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह काढतात. हाडात हाड लवकर, सहा ते आठ आठवड्यांत सांधते आणि पकड पक्की बसते. किंमत मात्र गुडघ्याच्या पुढच्या भागाला मोजावी लागते. गुडघे टेकले की दुखते. वज्रासनात बसणारे, नमाज पढणारे, फरशी बसवणारे कारागीर, गुडघ्यांवर बसून लादी पुसणाऱ्या बाया यांना हे वर्षानुवर्षे जाणवू शकते.

भारतात जास्त प्रचलित ग्राफ्ट मांडीच्या मागच्या, हॅमस्ट्रिंगच्या कंडरांचा. नडगीच्या आतल्या बाजूला लहानसा छेद देऊन एक किंवा दोन कंडरा ओढून काढतात आणि दुमडून चारपदरी करतात. प्रयोगशाळेत असा चारपदरी ग्राफ्ट सुमारे 4,000 न्यूटन ताण सोसतो. तरुण माणसाचा मूळ एसीएल सुमारे 2,160. या आकड्यांनी भुलू नये. शरीरात गेल्यावर ग्राफ्ट आधी कमजोर होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. शिवाय जाडी 8 मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर तो पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो, आणि बारीक चणीच्या मुलींमध्ये ती कमी भरणे नवलाचे नाही. गुडघा पूर्ण दुमडून जोर लावण्याची ताकदही काहीशी घटते. मल्लखांबावर पायांची पकड घेणाऱ्याला किंवा चौकात उकिडवे बसून झेपावणाऱ्या खो-खोपटूला नेमकी तीच लागते. म्हणून ग्राफ्ट ठरवण्याआधी डॉक्टरांनी रुग्णाला ‘दिवसभर काय करता, कसे बसता?’ असे विचारलेच पाहिजे, आणि न विचारल्यास रुग्णाने आपणहून सांगितले पाहिजे.

वाटीवरची मांडीच्या पुढच्या स्नायूची कंडरा जाड भरते आणि गुडघे टेकताना त्रास कमी देते. अलीकडे तिचा वापर वाढतो आहे. मात्र त्या स्नायूचा जोर परत आणायला व्यायाम नेटाने करावा लागतो. घोट्यामागची पेरोनियस कंडराही आपल्याकडे बरीच घेतात. गुडघ्याभोवतीचे स्नायू शाबूत राहतात. पण घोट्यावर उभ्या राहणाऱ्या खेळाडूने आणि नर्तकीने दोनदा विचार करावा.

दात्याची कंडरा तरुण खेळाडूंत अधिक वेळा तुटते, हे अभ्यासांतून दिसले आहे. कृत्रिम धाग्यांचे ग्राफ्ट 1980 च्या दशकात गाजले आणि सांधे सुजल्याने व धागे तुटल्याने मागे पडले.

ग्राफ्ट कोणताही असो, खेळाकडे परतायला किमान नऊ महिने द्यावेत आणि ताकदीची चाचणीही करून घ्यावी. दुखणे त्याआधीच थांबते, त्यामुळे घाई होते आणि घात तिथेच होतो. नवरात्रात गुडघा गेलेल्याचे ऑपरेशन मार्गशीर्षात झाले तर पुढच्या आश्विनापर्यंत दहा महिने मिळतात. माघात झाले तर आठच. अशा वेळी त्या वर्षीचा गरबा बसूनच पाहावा.