जुन्या रेकॉर्ड आमच्याकडे आणण्यापूर्वी

वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे दुकान आहे आणि ते मुळात रेडिओ व ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे. आता मात्र आजोबांच्या पेटीत राहून गेलेल्या रेकॉर्ड, किंवा बंद पडलेल्या बिछायत केंद्राच्या माळ्यावर लाउडस्पीकरच्या भोंग्यांसोबत पडून असलेला खोका, असे काही घेऊन बरेच ग्राहक येतात आणि त्यातील गाणी मोबाइलवर ऐकता येतील अशी करून मागतात. हे काम आम्ही करतो. त्याविषयी एक समज सर्वत्र आढळतो, तो असा की तबकडी कशीही वाजवली तरी चालते, पुढची साफसफाई संगणक करतो. प्रत्यक्षात सुईने खाचेतून जे उचललेच नाही, ते संगणकाला नंतर कुठूनही आणता येत नाही. म्हणून आमचा बहुतेक वेळ तबकडी पुसण्यात, सुई निवडण्यात आणि गती जुळवण्यात जातो, आणि आमचे दरही त्याच हिशेबाने ठरतात.

तबकडी लाखेची की प्लॅस्टिकची

घरातील तबकड्या मुख्यतः दोन जातींच्या असतात. जड, हातातून पडली की फुटणारी आणि मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी तबकडी लाखेची असते. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसाच्या फांद्यांवर किडे जी लाख तयार करतात, तीच लाख दगडाच्या भुकटीत आणि काजळीत मिसळून ती घडवली जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावतात. दुसरी जात व्हायनिलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी अमेरिकेत १९४८ साली आली आणि ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी त्याच्या पुढच्या वर्षी. परंतु आपल्या देशात लाखेच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे केवळ गाण्याच्या सालावरून जात ओळखू नये. लेबलवरील फेऱ्यांचा आकडा पाहावा.

हा भेद सांगण्याचे कारण असे की लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका ग्राहकाने आपण होऊन, आमचे काम हलके व्हावे म्हणून, लाखेची तबकडी घरीच सॅनिटायझरने पुसून आणली होती. फडके काळे झाले होते, आणि जिथून बोट फिरले तिथे खाचांची चकाकी जाऊन एक धुरकट पट्टा उरला होता. त्या पट्ट्यावर सुई आली की गाणे पार बुडत असे. तेव्हा तबकडीवर कितीही धूळ असली, बुरशी असली किंवा पाकिटाला उधई लागलेली असली, तरी ती आहे तशीच आणावी. फुटलेली असल्यास सर्व तुकडे वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून आणावेत आणि कोणत्याही चिकट पदार्थाने जोडू नयेत, कारण एकदा डिंक खाचेत उतरला की तो निघत नाही. उलट न जोडलेले तुकडे नेमके एकमेकांना भिडवून कधीकधी वाजवता येतात.

सुई आणि गती

लाँग प्ले तबकडीसाठी वापरायच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर ७८ च्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. बारीक सुई रुंद खाचेत सोडली तर ती भिंतींना न टेकता तळाशी घसटत जाते, आणि तळाशी गाणे नसते; तिथे धूळ असते आणि जुन्या लोखंडी सुयांचा कीस असतो. चावीच्या ग्रामोफोनमध्ये एक लोखंडी सुई एकच बाजू वाजवून टाकून द्यायची असे. पण लग्नाच्या मांडवात एकाच सुईवर रात्र काढली गेली असेल, तर तबकडी तिरपी धरली असता काळ्याऐवजी राखाडी दिसते. अशा तबकडीवर आम्ही दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून पाहतो. प्रत्येक सुई खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकत असल्यामुळे एखादी सुई न झिजलेल्या जागी बसते, आणि ती बसली की मघापर्यंत फाटत असलेला आवाज अचानक अंगावर येतो. या कामातला तो क्षण आम्हाला अजूनही आवडतो.

चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारा डबीसारखा भाग, शंभर ग्रॅमहून अधिक भार तबकडीवर टाकतो, तर आमची लाँग प्लेसाठीची सुई दीड ते दोन ग्रॅमवर चालते. त्यामुळे “आणण्यापूर्वी घरी एकदा लावून बघतो” हा मोह कृपया टाळावा.

७८ हा आकडाही दरवेळी खरा धरता येत नाही. जुन्या काळी ध्वनिमुद्रणाची गती थोडी मागेपुढे होत असे, आणि ती चुकली की गायकाचा आवाज कोवळा किंवा घोगरा वाटू लागतो. साथीला पेटी असल्यास तिच्या सुरावरून आम्हाला गतीचा अंदाज येतो. घरात कोणी त्या गायकाला प्रत्यक्ष ऐकलेले वडीलधारे असतील तर त्यांना सोबत आणावे, त्यांचा कान आमच्या यंत्रापेक्षा उपयोगी पडतो.

खरखर किती काढावी

सुईतून येणारा विद्युत संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो, त्यामुळे अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची घरघर त्यात सहज मिसळते. मुद्रणाच्या वेळी आम्ही लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवतो, आणि मध्येच वीज गेल्यास जोड न देता ती बाजू पुन्हा पहिल्यापासून घेतो.

तड्याची टकटक संगणकावर काढता येते आणि आम्ही ती काढतो. सलग खरखर मात्र आम्ही कमी करतो, नाहीशी करत नाही, कारण तिच्यासोबत तंबोऱ्याची जवारी, गायकाचा श्वास आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरेही पुसली जातात व गाणे रजईखालून आल्यासारखे ऐकू येते. काही ग्राहकांना ते गुळगुळीत गाणेच हवे असते. त्यांना तसे करून देतो, पण मूळ मुद्रण सोबत देतोच. त्याचप्रमाणे फार जुन्या तबकड्यांवर गाणे संपताच गायक स्वतःचे नाव उच्चारतो. भारतात १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे मुद्रण झाले, त्या सुमारास ही पद्धत रूढ होती. तो उच्चार अनावश्यक समजून आम्ही कापत नाही.

आपल्या हाती काय मिळेल

प्रत्येक बाजूची एक मूळ फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या प्रतीची, फ्लॅक स्वरूपात मिळते. न दाबलेल्या स्वरूपात ४० मिनिटांच्या लाँग प्लेला सुमारे १.४ जीबी जागा लागते. फ्लॅकमध्ये ती बरीच कमी होते आणि आवाजातले काहीही गळत नाही. मोबाइल आणि गाडीसाठी गाणेवार एमपी३ वेगळ्या दिल्या जातात, त्यांवर लेबलवरील नावे देवनागरीत लिहिलेली असतात. दोन्ही बाजूंच्या लेबलांची छायाचित्रेही सोबत असतात. पेनड्राइव्ह बिघडतो, म्हणून घरी नेल्याबरोबर एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. आमच्याकडील प्रत तीन महिन्यांनी पुसली जाते.

ही प्रत आपल्या खासगी ऐकण्यासाठी आहे. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि गीत व चाल यांचे हक्क वेगळे असतात. म्हणून एका ग्राहकाच्या फाइल आम्ही दुसऱ्याला देत नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

आणताना

तबकड्या खोक्यात उभ्या, एकमेकींना टेकून ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. वैशाखात शक्यतो आणू नयेत. एका मे महिन्यात आम्हीच एका गावाहून खोका आणताना जेवणासाठी थांबलो आणि बंद गाडीत तो उन्हात राहिला. तासाभराने वरच्या दोन लाँग प्ले भाजलेल्या पापडासारख्या वर आल्या होत्या. त्यांचे पैसे आम्ही भरून दिले, तबकड्या मात्र सरळ झाल्या नाहीत. दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत चांगला. एसटीने येणार असल्यास खोका मांडीवर घ्यावा.

तबकड्या पाहिल्याशिवाय दर सांगितला जात नाही आणि आगाऊ रक्कम घेतली जात नाही. आणलेल्या तबकड्यांची यादी आपल्यासमोर दोन प्रतींत लिहिली जाते; परत नेताना त्या यादीवर मोजून घ्याव्यात, आणि गाणी मोबाइलवर आली म्हणून तबकड्या दुकानातच सोडून जाऊ नयेत, आमच्याकडे त्या ठेवायला जागा नाही.