पाण्याचं वेळापत्रक आणि ट्राउटची भूक

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या नैर्ऋत्य भागात, ब्रॅन्सन गावाला लागून टॅनीकोमो नावाचं एक लांबट तळं आहे. लांबी २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर. रुंदी मात्र नदीएवढीच. तळं म्हणायचं ते नावापुरतं. वरच्या टोकाला टेबल रॉक धरण, खालच्या टोकाला १९१३ सालचं पॉवरसाइट धरण आणि मधे कोंडलेली व्हाइट नदी, असा हा प्रकार आहे. पूर्वी इथे बास, कॅटफिश असे कोमट पाण्यातले मासे असत. १९५८ साली टेबल रॉकची २५२ फूट उंच भिंत पूर्ण झाली, तिच्या पोटातलं गार पाणी खाली येऊ लागलं आणि त्या माशांचा इथला मुक्काम हलला. भरपाई म्हणून धरणाच्या पायथ्याशीच ट्राउट या गार पाण्यातल्या माशाचं बीजोत्पादन केंद्र उभं राहिलं. आज तळ्यात इंद्रधनुषी ट्राउट आणि तपकिरी ट्राउट अशा दोन जाती आहेत. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये इथेच ४० पौंड ६ औंसांचा, म्हणजे १८ किलोंहून जड तपकिरी ट्राउट गळाला लागला. मिसुरीचा तो विक्रम ठरला.

हिवाळ्यात, हवा शून्याखाली गेलेली असताना, इथे मासा लागतो आणि भरपूर लागतो. उघड्यावरून वाहत येणाऱ्या साध्या ओढ्यात याच दिवसांत ट्राउट तळाशी गप्प पडून असतो. हा फरक धरणामुळे पडतो.

पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. त्यामुळे उन्हाळ्यात टेबल रॉकच्या जलाशयात पाण्याचे थर पडतात. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच राहतं. तीस-चाळीस फुटांखाली तापमान झपाट्याने उतरतं आणि त्याखाली गेल्या हिवाळ्यातलं गार पाणी जसंच्या तसं साठून असतं. टर्बाइनकडे जाणाऱ्या नळांची तोंडं याच खोल थरात आहेत. म्हणून भर जुलैमध्येही टॅनीकोमोत हात घातला तर बोटं बधिर होतात. हिवाळ्यात गणित उलटतं. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बुडतं आणि जानेवारीपर्यंत सगळा जलाशय ढवळून एकसारखा होतो. साठा इतका प्रचंड की चार दिवसांच्या कडाक्याने तो गोठत नाही. खाली येणारं पाणी ६ ते ९ अंशांच्या आसपास राहतं. बाहेर उणे १० असताना त्या पाण्यावरून वाफ निघताना दिसते.

माशाच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच असतं. इंद्रधनुषी ट्राउटची भूक १० ते १६ अंशांत सर्वांत जोरात असते. एक-दोन अंशांवर पचन जवळजवळ थांबतं. ७ अंशांवर ते मंदावतं, पण चालू राहतं. मासा खातो, फक्त त्यासाठी लांब धावत नाही. आमिष त्याच्या तोंडासमोरून, त्याला परवडेल अशा वेगाने गेलं पाहिजे. हिवाळी मासेमारीतले निम्मे डावपेच या एका गोष्टीतून निघतात.

हंगाम कधी चांगला, हे मात्र तापमानापेक्षा प्राणवायूवर ठरतं. थर पडलेल्या जलाशयात खालच्या पाण्याला महिनोन्‌महिने हवा लागत नाही आणि तळाला कुजणारा पालापाचोळा त्यातला प्राणवायू खात राहतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात टर्बाइनमधून येणारं पाणी या बाबतीत सर्वांत दरिद्री असतं. ट्राउटला लिटरला ६ मिलिग्रॅम तरी प्राणवायू हवा. ४ च्या खाली तो धापा टाकू लागतो. अशा वेळी टर्बाइनमध्ये हवा ओढून घेतात, नळांत द्रवरूप प्राणवायूही सोडतात. त्या दिवसांत पकडून सोडलेला मासा पोहून गेला तरी जगेलच असं नाही. डिसेंबरात जलाशय ढवळला जाऊ लागला की चित्र पालटतं. ७ अंशांच्या पाण्यात लिटरला १२ मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू मावतो, २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८. जानेवारीतला ट्राउट त्यामुळेच दमदार भांडतो.

महाराष्ट्रातही खोल धरणं आहेत. मग कोयनेच्या पाण्यात ट्राउट का नाही? तळाचं पाणी हिवाळ्यात जितकं गार होतं तितकंच गार वर्षभर उरतं, आणि आपला हिवाळा जलाशयाला विशीच्या फार खाली नेत नाही. भारतातला ट्राउट काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि निलगिरीत सापडतो तो याच कारणाने.

आता टर्बाइनकडे वळू. टेबल रॉकमध्ये ५० मेगावॉटची चार जनित्रं आहेत. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळीतला फरक सुमारे २१० फूट, म्हणजे ६४ मीटर. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर एका जनित्राला सेकंदाला ९० घनमीटरच्या आसपास पाणी लागतं. चारही चालली तर ३५० घनमीटर. बंद असताना तळं निपचित; चारही सुरू झाली की धरणापाशी पातळी सात-आठ फुटांनी चढते आणि तळ्याची फोफावलेली नदी होते. जनित्रं विजेच्या मागणीनुसार चालतात. कडक थंडीच्या सकाळी घराघरांत हीटर लागतात, तेव्हा पाणी सुटतं; उबदार आठवड्यात दोन-दोन दिवस सगळं बंद राहू शकतं. टेबल रॉकची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून ९१५ फूट. पावसाने ती त्यावर गेली की जादा पाणी काढायला जनित्रं दिवसरात्र चालतात. साउथवेस्टर्न पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन ही इथली वीज विकणारी सरकारी संस्था दुसऱ्या दिवसाचं तासवार नियोजन आदल्या दिवशी जाहीर करते. त्यात मेगावॉटचे आकडे असतात. पन्नासने भागलं की किती जनित्रं चालणार ते कळतं. अर्थात हा अंदाज असतो. ग्रिडला गरज पडली तर न सांगता पाणी सुटतं.

पाणी बंद असताना तळं आरशासारखं नितळ होतं आणि मासा भलताच संशयी. अशा वेळी २ पौंडी तंगूस, म्हणजे गळाचा बारीक दोरा, लावायचा. त्याची जाडी साधारण ०.१३ मिलिमीटर. टोकाचा तुकडा फ्लुरोकार्बनचा असावा. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचं माप, १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणून फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो आणि जड असल्याने बुडतोही. २ पौंड म्हणजे ९०० ग्रॅमची ताकद. रीळाचा ब्रेक तिच्या तिसऱ्या हिश्श्यावर, ३०० ग्रॅमवर ठेवायचा. हाताने ओढून अंदाज घेण्यापेक्षा स्प्रिंगच्या काट्याला तंगूस अडकवून बघितलेलं बरं, कारण बहुतेक जण ब्रेक फार आवळून ठेवतात आणि पहिल्याच हिसक्याला तंगूस तुटतो.

त्या तंगुसाला १/१२५ औंसाचा, म्हणजे पाव ग्रॅमहूनही हलका जिग. जिग म्हणजे शिशाचं डोकं बसवलेला गळ आणि त्यावर बांधलेली टर्कीची मऊ पिसं. ही पिसं निपचित पाण्यातही नुसत्या तरंड्याच्या, म्हणजे तंगुसावरच्या तरंगत्या खुणेच्या, डुलण्याने हलतात, हाच त्यांचा गुण. तरंड्याखाली ४ ते ६ फूट अंतर ठेवायचं. वाऱ्याने पृष्ठभाग थोडा चुरगळला तर उत्तमच: माशाला वरचं नीट दिसत नाही आणि तरंडा जिगला आपोआप नाचवतो. मासा लागला की तरंडा बुडेलच, ही अपेक्षा सोडा. गार पाण्यातला ट्राउट आमिष तोंडात घेतो आणि जागच्या जागी थांबतो. तरंडा किंचित कलतो, किंवा वाऱ्याबरोबर जाता जाता अडखळतो. तेवढ्यावर काठी हलकेच उचलायची.

जिगऐवजी काळी किंवा लाल झेब्रा मिज ही कृत्रिम माशी लावली तरी चालते. १६ किंवा १८ नंबरच्या गळावर दोरा, त्यावर तारेचे वेढे, पुढे एक मणी. एकूण लांबी जेमतेम ५ मिलिमीटर. ही नक्कल न चावणाऱ्या चिलटांच्या अळीची. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू तुटपुंजा, तिथेही ही अळी जगते, कारण तिच्यात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. लाल रंग त्याचाच. चिलटं हिवाळ्यातही पाण्यातून बाहेर पडतात, म्हणून ट्राउटला हे खाणं बारमाही मिळतं. दुसरं मुख्य खाणं म्हणजे स्कड, शेवाळात राहणारा, जवळ्यासारखा दिसणारा करडा जीव. त्यातल्या रंगद्रव्यामुळे इथे बरेच महिने काढलेल्या ट्राउटचं मांस केशरी होतं. केंद्रातून नुकत्याच सोडलेल्या माशाचं पांढरट असतं. माशाला कापल्यावर तो तळ्यात किती मुरलाय ते कळतं.

पाणी सुटलं की सगळं सामान बदलायचं. प्रवाह शेवाळ झोडपतो, स्कड सुटून वाहू लागतात आणि मासे तळाशी तोंड उघडून उभे राहतात. तळाशी का? घर्षणामुळे तिथला प्रवाह पृष्ठभागापेक्षा बराच मंद असतो. बोट मात्र वरच्या पाण्याच्या वेगाने जाते. आमिष बोटीबरोबर ओढलं गेलं तर ते खऱ्या खाण्यापेक्षा वेगाने पळतं आणि मासा बघत राहतो. यासाठी शिसं बरोबर लागतं. मुख्य ४ पौंडी तंगुसाला तीन कड्यांची भिंगरी. एका कडीला वीतभर तुकड्यावर शिसं, दुसरीला मीटरभर बारीक तंगूस आणि टोकाला गळ. एक जनित्र चालू असेल तर १/८ औंस शिसं पुरतं, तीन-चार असतील तर १/४ औंस. काठीच्या टोकाला दर दोन-तीन फुटांवर ‘टक’ जाणवली पाहिजे. सतत घासत असेल तर शिसं जड आहे, शेवाळ गोळा करतंय. टक जाणवतच नसेल तर आमिष माशांच्या डोक्यावरून चाललंय. गळाला करड्या स्कडची नक्कल, माशाच्या अंड्याच्या रंगाची कृत्रिम माशी किंवा, जिथे परवानगी आहे तिथे, अर्धं गांडूळ. गांडुळात बारीक सुईने थोडी हवा भरतात; मग ते तळापासून वीतभर वर तरंगतं. अंड्याची माशी हिवाळ्यात चालते कारण इंद्रधनुषी ट्राउट याच काळात वरच्या उथळ खडीत अंडी घालायला जातात. पाणी रोज चढतं-उतरतं, त्यामुळे ती अंडी सहसा तगत नाहीत. तळं केंद्रातल्या पिल्लांवर चालतं. तरी खडीतल्या त्या उजळ, साफ केलेल्या खळग्यांवर पाय देऊ नये.

हिवाळ्याचं खरं पर्व म्हणजे शॅड वाहून येण्याचं. टेबल रॉकमध्ये थ्रेडफिन शॅडचे प्रचंड थवे आहेत. ही मासळी आपल्या पाला माशाची नातलग. मुळात ती उबदार पाण्यातली. पाणी ७ अंशांच्या खाली गेलं की ती सुस्तावते, ५ च्या आसपास मरू लागते. अशी अर्धमेली मासळी खोल पाण्यात उतरली आणि जनित्रं जोरात चालू असली, तर ती नळांत ओढली जाते आणि खाली पांढऱ्या तुकड्यांच्या रूपात बाहेर पडते. धरणापासून मैलभर खाली ट्राउट आणि बगळे एकाच पंगतीला बसतात. बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये हे घडतं; दर वर्षी घडेलच असं नाही. बगळे आणि कुरव पक्षी धरणाखाली घिरट्या घालत असतील तर पांढरा जिग काढावा: चार जनित्रांच्या प्रवाहात १/८ औंसाचा, कमी असेल तर १/१६. मेलेली मासळी पळत नाही, म्हणून जिगला झटके न देता प्रवाहाबरोबर नुसता वाहू द्यायचा. मोठे तपकिरी ट्राउट याच दिवसांत उघड्यावर येतात.

थंडीचे उपद्रव वेगळे. काठीच्या कड्यांत बर्फ धरतो आणि तंगूस अडकतो. काठी पाण्यात बुडवली की बर्फ सुटतो, कारण पाणी हवेपेक्षा गरम असतं. बोटांनी फोडू नये, कडीतला चिनी मातीचा वळसा निखळतो. ओठांना लावायचं मलम कड्यांना चोपडलं तर बर्फ धरायला वेळ लागतो. विणलेला तंगूस पाणी धरून काडीसारखा ताठ होतो, तो घरी ठेवावा. मासा सोडायचा असेल तर त्याला पाण्यातच ठेवून गळ काढावा. उणे ५ च्या हवेत ओले कल्ले काही क्षणांत गोठू लागतात. हात आधी ओले करावेत. गळाचा काटा पकडीने दाबून टाकला की हे सगळं पटकन होतं.

पाण्यात उतरून मासे धरणाऱ्यांसाठी धरणावर भोंगा आहे. तो वाजला की निघायचं, एक शेवटचा फेक न करता. खाली लांब असाल तर भोंगा ऐकू येत नाही, म्हणून पाण्याच्या कडेचा एखादा दगड डोळ्यांनी धरून ठेवायचा. तो बुडाला की किनारा गाठायचा. येतानाची वाट परतताना कंबरभर खोल झालेली असते. ८ अंशांच्या पाण्यात पडलं तर काही मिनिटांत हातांची पकड जाते, म्हणून पट्टीचा पोहणारा असला तरी लाइफ जॅकेट. बोटवाल्यांनी प्रवाह चालू असताना नांगर टाकू नये. मागून टाकलेला नांगर तळाला अडकतो, तीच बाजू खाली ओढली जाते आणि बोट मागून पाणी घेते. बोटी अशाही बुडतात.

सेंट लुइस किंवा कॅन्सस सिटीचे मराठी लोक गाडीने तीन-चार तासांत इथे पोहोचतात. त्यांनी मासेमारीच्या परवान्याबरोबर ट्राउटचा वेगळा परवाना काढावा. दिवसाला चार ट्राउट ठेवता येतात, त्यांत तपकिरी एकच आणि तो २० इंचांहून लहान नको. धरणाखालच्या पहिल्या ७६० फुटांत मासेमारी बंद आहे. तिथून फॉल क्रीकच्या मुखापर्यंतच्या पट्ट्यात फक्त कृत्रिम माश्या आणि जिगसारखी आमिषं चालतात, गांडूळ किंवा वासाचा गोळा नाही; १२ ते २० इंचांमधला इंद्रधनुषी ट्राउट तिथे सोडूनच द्यावा लागतो. बुटांचे तळवे रबराचे हवेत. नमद्याच्या (फेल्टच्या) तळव्यात चिकट शैवाल अडकून एका नदीतून दुसरीत जातं, म्हणून मिसुरीने २०१२ पासून ट्राउटच्या पाण्यात असे तळवे बंद केले आहेत. रबराचे तळवे शेवाळलेल्या दगडांवर जास्त घसरतात, तेव्हा टोकदार खिळे ठोकलेले घ्यावेत.