पझल-प्लॅटफॉर्मर : वेगळ्या नियंत्रणांचे इंडी गेम

पझल-प्लॅटफॉर्मर म्हणजे उड्या मारत, फळ्या-कडे ओलांडत पुढे सरकायचे आणि वाटेतली कोडी सोडवायची, असा व्हिडिओ गेम. मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय एकट्याने किंवा चार-दोन जणांनी मिळून केलेल्या गेमला इंडी म्हणतात. या नोंदीचा विषय त्यांतला एक लहानसा पण फार कल्पक गट आहे. या गटात बटणांचे नेहमीचे काम बदललेले असते आणि ते हाताला उमगणे हेच मुख्य कोडे असते.

‘डाँकी काँग’ (1981) आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) या निन्टेंडोच्या गेमनी डावी-उजवीकडे पळणे आणि एका बटणाने उडी, हा शिरस्ता पक्का केला. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या यंत्रांमुळे तीच सवय परभणी-बीडकडच्या पोरांच्या अंगठ्यांनाही लागली. शिरस्ता मोडण्याचे धाडसही जुनेच. ‘लोड रनर’मध्ये (1983) उडीच नव्हती, जमीन खणावी लागे.

उडी काढून घेतली तर काय होते, हे सर्वांत लख्ख दिसते ते आयर्लंडच्या टेरी कॅव्हनाच्या ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’मध्ये (2010). इथे बटण दाबले की गुरुत्वाकर्षण उलटते. नायक छताला जाऊन चिकटतो, पुन्हा दाबले की खाली येतो; मधल्या मध्ये थांबता येत नाही. याच गेममध्ये एक जागा आहे, तिथे वाटेत जेमतेम पायरीएवढा ठोकळा आहे. मारिओ तो सहज ओलांडेल. इथे मात्र त्यापलीकडे जायला काट्यांनी भरलेल्या अरुंद बोगद्यातून एकामागून एक पडदे (स्क्रीन) वर जायचे आणि त्याच वाटेने परत खाली यायचे, तेव्हा कुठे पाय ठोकळ्याच्या दुसऱ्या बाजूला टेकतात. ही जागा ऐच्छिक आहे, टाळून पुढे जाता येते. तरीही खेळणारे तिथे हट्टाला पेटतात, कारण अडथळा किती क्षुल्लक आहे ते डोळ्यांना दिसत असते.

जोनाथन ब्लोच्या ‘ब्रेड’मध्ये (2008) एक बटण काळ मागे नेते. त्याच्या एका भागात तर चालणे हेच घड्याळ आहे. उजवीकडे गेले की काळ पुढे सरतो, डावीकडे वळले की मागे. व्हिएन्नाच्या ‘ब्रोकन रूल्स’चा ‘अँड येट इट मूव्हज’ (2009) फाटक्या कागदांच्या चित्रांतून उभा केलेला आहे आणि त्यात सगळे जगच फिरवता येते. पडण्याचा वेग जग फिरवल्यावरही कायम राहतो, म्हणून भिंतीची जमीन करताना अंदाज चुकला तर नायक आपटून संपतो.

लिथुआनियाच्या ‘ह्युमन फॉल फ्लॅट’मध्ये (2016) माऊसचे डावे बटण डावा हात, उजवे बटण उजवा हात. भिंत चढायची तर नजर वर करून दोन्ही हात उंचवायचे, कड पकडायची आणि बटणे न सोडता माऊस खाली ओढून अंग वर घ्यायचे. स्वीडनमध्ये घडलेला ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ (2013) काटेकोर अर्थाने प्लॅटफॉर्मर नाही, पण त्याला वगळून ही नोंद पुरी होणार नाही. त्यात कंट्रोलरवरची डावी काडी (अंगठ्याने हलवायचा छोटा दांडा) थोरल्या भावाची, उजवी धाकट्याची. धाकटा पाण्याला घाबरतो, थोरल्याच्या पाठीला धरून नदी पार करतो. शेवटाकडे थोरला उरत नाही आणि समोर पाणी येते, तेव्हा थोरल्याचे बटण दाबल्यावरच धाकट्याला पोहता येते. डोळ्यांत पाणी आणणारा इतका साधा हुकूम व्हिडिओ गेममध्ये क्वचितच सापडतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला सवयीचे साधन काढून घेण्याच्या या कल्पनेची ओळख देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात, पटकन पटेल. तासून उभा केलेला कडा, भोवती खंदक, आत जायला एकच अरुंद वाट आणि पुढे ‘अंधारी’ हा वळणावळणाचा काळोखी मार्ग. उजेडातून आत शिरलेल्या माणसाचे डोळे तिथे निकामी होतात, त्याला भिंत चाचपत आणि पायाखालची पायरी अजमावत जावे लागते. किल्ल्याने हे शत्रूला हरवण्यासाठी केले. चांगला गेम तेच शिकवण्यासाठी करतो. म्हणून पहिल्या काही खोल्यांत चुकण्याची शिक्षा हलकी ठेवतो.

हे शिकवणे बहुधा शब्दांशिवाय चालते, आणि म्हणूनच मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांसाठी हा प्रकार मोलाचा आहे. ‘लिंबो’त (2010) संवाद नाहीत. ‘ब्रदर्स’मधली पात्रे काल्पनिक भाषा बोलतात, तेव्हा नांदेडचा खेळाडू आणि लंडनचा खेळाडू सारखेच हावभावांवरून अर्थ लावतात. इंग्रजी सूचनांनी भरलेल्या गेममध्ये हुशार पोरगंही पहिल्याच पडद्यावर अडून बसतं, तसं इथे होत नाही.

अडचण येते ती यंत्राची. शाळा-कॉलेजांच्या लॅबमधल्या स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. त्यामुळे ठरावीक तीन बटणे एकदम दाबली की एखादे नोंदलेच जात नाही, आणि खेळणाऱ्याला वाटते आपलेच बोट चुकले. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन बटणे बदलावीत. शिफ्ट आणि कंट्रोल यांची जोडणी सहसा वेगळी असते, ती निवडली तर बराच फरक पडतो. एका हाताने खेळणाऱ्यांसाठी तर बटणे बदलण्याची सोय असलीच पाहिजे. फोनवर प्रश्न निराळा. काचेवर बटणाची कड बोटाला लागत नाही, त्यामुळे दोन काड्यांचा खेळ नजर खाली न वळवता जमत नाही.

‘वन हँड क्लॅपिंग’ (2021) बटणांच्याही पुढे जातो. मायक्रोफोनमध्ये गायचे किंवा गुणगुणायचे, स्वर चढला-उतरला तशी वाट घडत जाते. भजनी मंडळात पेटीवर षड्ज धरायला शिकलेल्या पैठण-अंबाजोगाईच्या मुलांकडे यासाठी लागणारी स्वराची पकड आधीच असते. त्यांना तो खेळायला द्यावा, फक्त पंखा बंद करून आणि इअरफोनचा माईक तोंडाजवळ धरून, म्हणजे खोलीतला आवाज स्वरात मिसळणार नाही.