खान्देशातील जमीन मोजणीविरोधी उठाव (१८५२)

शेतसारा ठरवण्यासाठी कंपनी सरकारने सुरू केलेल्या जमीन मोजणीला खान्देशातील शेतकऱ्यांनी केलेला सामुदायिक विरोध. सावदा, यावल, रावेर, चोपडा आणि एरंडोल हा त्याचा मुख्य टापू. १८५२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो शिगेला पोहोचला आणि लष्कर आणून मोडण्यात आला. सरकारी दप्तरात त्याला दंगा म्हटले आहे. पण जमलेल्या लोकांची मागणी एकच आणि नेमकी होती: मोजणी बंद करा, मोजणीवाल्यांना परत पाठवा. म्हणून त्याला साराविरोधी चळवळ म्हणणेच योग्य ठरते.

पार्श्वभूमी

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला पोलिटिकल एजंट. नव्या रयतवारी पद्धतीत सारा थेट खातेदाराकडून घेतला जाऊ लागला, त्यामुळे देशमुख-देशपांड्यांचे वसुलीतले महत्त्व ओसरले. जमीन मात्र जुन्याच बिघ्यांनी ओळखली जात होती आणि बिघा सगळीकडे सारखा नव्हता. कोणाच्या वहितीत खरे किती रान आहे, कुठला तुकडा पडीत दाखवून पेरला जातो, हे पाटील-कुळकर्ण्यांना आणि भाऊबंदांना ठाऊक असे, कचेरीला नसे. धान्याचे भाव पडलेले असताना सारा रोख रुपयांत द्यावा लागे. अशा वेळी या झाकल्या रानावरच अनेक कुटुंबे तगून होती.

मोजणी आणि प्रतबंदी

मुंबई इलाख्यातील ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात बसवली. त्याआधी पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली आकारणी जमिनीला न पेलणारी ठरून फसली होती. विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने नियम पक्के केले. या नियमांनी आकडा कसा निघतो ते पाहिले की भीती कुठून आली ते कळते.

पहिली पायरी क्षेत्राची. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर. शेताच्या कोपऱ्यांवर दगड किंवा मातीचे बुरूज उभारून हद्द बांधली जाई आणि शेताला सर्व्हे नंबर मिळे. चूक इथूनच शिरू शकते. कड्या वाकून साखळी अर्धा फूट आखूड झाली, तर लांबी आणि रुंदी दोन्ही जास्त भरतात आणि क्षेत्र सुमारे तीन टक्क्यांनी फुगते. दहा एकरांचे शेत कागदावर दहा एकर बारा गुंठे होते. उलट कड्या ताणून साखळी लांबली, तर क्षेत्र कमी भरते.

दुसरी पायरी मातीची प्रत ठरवण्याची, म्हणजे प्रतबंदीची. नकाशावर शेताचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पहारीने खड्डा घेऊन मातीची खोली ‘हात’ या मापाने (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत) मोजायची. रंग व पोत पाहून मातीचे तीन वर्ग केलेले होते. पहिल्या वर्गातली काळी माती पावणेदोन हात खोल असली तर १६ आणे, दीड हात असली तर १४, सव्वा हाताला १२, एक हाताला १०, पाऊण हाताला ८, अर्ध्या हाताला ६ आणि पाव हाताला साडेचार आणे. हलक्या वर्गांत ही उतरंड ३ आणि २ आण्यांपर्यंत जाई. असे एकूण नऊ दर्जे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे, पुराने माती वाहून जाणे असे दोष असतील तर दर दोषामागे एक दर्जा कमी होई.

तिसरी पायरी दराची. हवामान, बाजारपेठेची जवळीक आणि शेतीची एकंदर स्थिती पाहून गावांचे गट करत आणि गटाला एकरी कमाल दर लावत. नमुन्यादाखल ८ एकर २० गुंठ्यांचे शेत, प्रत १० आणे (म्हणजे कमाल दराचे सोळा भागांतले दहा भाग) आणि कमाल दर २ रुपये धरला, तर आकार, म्हणजे त्या शेताचा वर्षाचा सारा, १० रुपये १० आणे येतो. प्रतबंदी करणाऱ्याने १० ऐवजी १२ आणे लिहिले, की तोच आकार १२ रुपये १२ आणे. खड्डा कुठे घेतला आणि दोष लिहिला की नाही, यावर एका शेताला वर्षाला दोन रुपयांहून अधिक फरक पडतो. आणि हा आकडा तीस वर्षांसाठी कायम होणार होता. मुदतीत वाढ होणार नाही, नको असलेला नंबर राजीनामा देऊन सोडता येईल, अशी ग्वाही सरकार देत असे. पण दर जाहीर होत शेवटी, साखळी शिवारात येई आधी. मधल्या काळात शेतकऱ्याच्या हाती अंदाजाखेरीज काही नसे.

आता हे नियम तापीच्या उत्तरेला लावून पाहावेत. सातपुड्याच्या पायथ्यापासून नदीपर्यंतची सावदा, यावल, रावेरची जमीन खान्देशातली सर्वांत खोल आणि कसदार. पहार जिथे टाकावी तिथे काळी मातीच लागणार आणि प्रत वरचीच भरणार. बागायतदार, पिढीजात कसणारे लेवा पाटीदार आणि इतर कुणबी इथले खातेदार. झाकलेले रान उघडे पडणे आणि वरची प्रत लागणे, असा दुहेरी धोका याच पट्ट्याला होता. अडाण्यांनी साखळीला भिऊन दंगा केला, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. आपल्या मातीचा हिशेब त्यांना कोणत्याही मोजणीदारापेक्षा अधिक कळत होता.

घटनाक्रम

नोव्हेंबर १८५२ मध्ये कलेक्टर मॅन्सफील्ड यावलला आला असताना हजारोंच्या जमावाने त्याच्या तंबूला गराडा घातला आणि मोजणी उठवण्याची मागणी केली. मोजणीचे काम थांबले. गावोगाव निरोप गेले, जातीच्या आणि गावकीच्या बैठकांतून एकी बांधली गेली. एरंडोल आणि सावदा भागात सरकारी अंमल काही काळ नावापुरता उरला. पाटील आणि देशमुख घराण्यांतली माणसे पुढे होती, कारण रयतवारीने त्यांचे मानपान आणि हक्क आधीच छाटले होते.

सरकारने फौज मागवली. तिच्यात मेजर मॉरिसच्या हाताखालचे भिल्ल पथक होते. डिसेंबरमध्ये एरंडोल आणि फैजपूर इथे अचानक पोहोचून पुढाऱ्यांना पकडण्यात आले. पुढारी एकाच वेळी हाती लागल्यावर जमाव पांगला. शस्त्रांचा साठा नाही, पैशाचा कोष नाही, पकडलेल्यांची जागा घेणारी दुसरी फळी नाही: संघटनेतली ही उणीव निर्णायक ठरली.

दुसरी उणीव अधिक खोल होती. ही खातेदारांची चळवळ होती. शेतात राबणारा सालदार, ज्याचे साल आखाजीला ठरते, मजूर आणि डोंगरातले भिल्ल यांना तिच्यात स्थान नव्हते. साऱ्याच्या दरात त्यांचा थेट लाभ काही नव्हता. भिल्लांनी तर १८१८ पासून स्वतःचे लढे दिले होते आणि ते आवरण्यासाठीच १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने भिल्ल पथक उभारले होते. तेच पथक कुणब्यांवर चालून आले. सातपुड्यातली लढाऊ ताकद आणि तापीकाठचा शेतकरी एका बाजूला आले असते, तर सरकारला ते फार जड गेले असते.

परिणाम

मोजणी रद्द झाली नाही. १८५४ नंतर एकेका तालुक्यात नवी आकारणी लागू झाली. सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर आणि ‘आकार’ हा रकाना याच पद्धतीतून आलेला आहे. काळाकडे पाहिले, तर ऑगस्ट १८५२ मध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन होऊन शिकलेले लोक इंग्लंडच्या पार्लमेंटकडे अर्ज करू लागले होते. त्याच वर्षी खान्देशचा शेतकरी कलेक्टरच्या तंबूपुढे उभा होता. या दोन प्रवाहांची गाठ पडायला पुढे बरीच दशके लागली.

१८५७-५८ मध्ये खाज्या नाईकाच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी शिरपूर-सेंधवा भागात उठाव केला. तो पूर्वी सरकारच्याच चाकरीत घाटाची राखण करत होता. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. तापीकाठचे खातेदार या वेळी सामुदायिकपणे उठले नाहीत.

फैजपूर पुन्हा देशाच्या राजकारणात आले ते डिसेंबर १९३६ मध्ये. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. त्याच वेळी तिथे अखिल भारतीय किसान सभेचीही बैठक झाली आणि मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी आला. अधिवेशनाने मंजूर केलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा व खंड कमी करणे, न परवडणाऱ्या लहान धारणांना साऱ्यातून सूट, पाणीपट्टीत कपात, कर्जवसुलीला स्थगिती आणि वेठ बंद करणे ही कलमे होती. शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, हे कलमही त्यात होते.