स्क्रू सगळ्यात शेवटी

वाईजवळ मामांच्या शेतावर एक जुनं पेट्रोल जीपडं आहे, मागे हौदा असलेलं. एके काळी त्यातून हळदीची पोती बाजारात जायची. दोन पावसाळे ते शेडमध्ये उभं होतं. यंदा बाहेर काढलं, तर सेल्फ मारल्यावर चालू व्हायचं, पण पाय काढला की बंद. रेस दिली की काळा धूर, आणि शेडभर पेट्रोलचा वास. येणारा-जाणारा प्रत्येक जण बॉनेट उघडून, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरवरचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू डिसमिसनं थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून जायचा. मामाही त्यात आलेच.

मिस्त्री आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्क्रूला हात कोणी कोणी लावला?" मामा हौद्याकडे बघू लागले.

कार्बोरेटरचं काम खरं तर तराजूचं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचं तर एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा, म्हणजे गावात येणारा पाण्याचा टँकर भरेल एवढी. हवा कमी पडली तर मिश्रण 'रिच' होतं, काळा धूर येतो, प्लग काजळतो. जास्त झाली तर 'लीन' होतं, इंजिन तापतं आणि कार्बोरेटरमधून फटाके वाजतात. हे सगळं तोलायला आत ना वीज, ना सेन्सर. आहेत ती फक्त ठरावीक मापाची भोकं.

पिस्टन खाली गेला की हवा आत धावते. वाटेत नळी मुद्दाम अरुंद केलेली असते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. बर्नोली यांनी 1738 मध्ये आणि व्हेंचुरी यांनी 1797 मध्ये प्रवाहाचा हा स्वभाव लिहून ठेवला, म्हणून त्या गळ्याला आजही व्हेंचुरी म्हणतात. शेजारच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. इंजिन पेट्रोल ओढतं असं आपण म्हणतो. खरं तर बाहेरची हवाच ते जेटमधून, म्हणजे मापाच्या भोकातून, गळ्यात ढकलते. डास मारायचा जुना फ्लिटचा पंप याच तत्त्वावर फवारा मारायचा. 1893 मध्ये हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फवारा मारणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. फुलांवर तोंडानं पाणी फवारणारी फुलवाली पाहून त्यांना ते सुचलं, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कोण जाणे, पण कपड्यांवर तोंडानं पाणी फवारणारा परीट पाहिलेल्या माणसाला ती पटते.

आता त्या बदनाम स्क्रूबद्दल. पाय काढलेला असतो तेव्हा थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारी, चकती जवळजवळ बंद असते. गळ्यातून हवा इतकी हळू जाते की मेन जेटमधून काहीच येत नाही. म्हणून चकतीच्या खाली, जिथं इंजिनाची ओढ जबर असते, तिथं एक बारीक भोक ठेवलेलं असतं. स्क्रूची ताकद त्या भोकापुरती. गाडी चढाला ओढत नाही म्हणून तो फिरवणं म्हणजे पाठ दुखते म्हणून चष्म्याचा नंबर बदलणं.

मिस्त्रींनी कार्बोरेटर उतरवून वाटी उघडली. तळाला उडून गेलेल्या पेट्रोलचा मधासारखा चिकट तपकिरी थर आणि कोपऱ्यात पांढरी भुकटी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, काही आपल्याच उसाचं. ते हवेतली ओल धरतं आणि ओलीनं कार्बोरेटरचा जस्तमिश्रित धातू खाल्ला जातो. जुन्या रबराचंही त्याच्याशी जमत नाही. पाय दाबला की जादा पेट्रोल मारणाऱ्या अॅक्सलरेटर पंपाचा पडदा फुगून वेडावाकडा झाला होता.

फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगणारा पोकळ डबा, मात्र बाहेरून ठीक दिसत होता. मिस्त्रींनी तो कानाशी धरून हलवला आणि माझ्याही कानाशी आणला. आत खळखळ. मग चहाच्या पातेल्यात कढत पाणी घेऊन तो बुडवला, तर सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. आतली हवा तापून फुगते आणि चीर स्वतःच जागा दाखवते. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं की तो जड होऊन खाली बसतो, पेट्रोलची वाट अडवणारी नीडल वेळेवर बंद होत नाही, वाटीतली पातळी चढते आणि पेट्रोल आपसूक गळ्यात ओसंडतं. आमचा काळा धूर इथून येत होता. डाग देऊन चालेल का, असं मी विचारलं. "डागाचंही वजन होतं," एवढंच ते म्हणाले. नवा फ्लोट, नवी नीडल, नवी सीट, नवी पॅकिंग.

जेट साफ करायला मी तार पुढे केली, तेव्हा त्यांनी माझा हातच धरला. जेट पितळेचं, मऊ. सोलेक्स पद्धतीच्या जेटवर 125 लिहिलं असेल तर भोक 1.25 मिलिमीटरचं. व्यास जेमतेम चार टक्के वाढला तरी क्षेत्रफळ आठ टक्के वाढतं, आणि पेट्रोल क्षेत्रफळाच्या हिशेबानं येतं. तारेचे दोन ओरखडे म्हणजे नवा नंबर. त्यामुळे फक्त क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा.

हाच हिशेब त्यांनी उलटाही वापरला. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला किलोमागे सुमारे 13.5 किलोच हवा लागते. जुन्या जेटला हे कळायचा मार्ग नाही, ते पूर्वीइतकंच सोडतं आणि मिश्रण लीन होतं. मिस्त्रींनी 125 काढून 130 बसवलं. मी कागदावर आकडेमोड केली, तर तूट आणि भर दोन्ही आठ टक्क्यांच्या आसपास. त्यांनी कागद पाहिलाही नाही.

थ्रॉटलचा दांडा भोकात खुळखुळत होता, तिथून चोरटी हवा शिरायची. त्याला लेथवर बुश करून घेण्यात एक दिवस गेला. मग टॅपेट, मग टायमिंग, मग इंजिन पुरतं गरम. आणि आता स्क्रू. अलगद टेकेपर्यंत बंद करून दीड आटा उघडला. जोरानं आवळला तर टोकावर कडं उमटतं आणि तो कायमचा बिघडतो. आमच्या स्क्रूवर अशी दोन कडी होती, म्हणून तोही नवा. मी इनटेकला ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावलं होतं, काटा सर्वांत वर स्थिरावतो ती जागा शोधायला. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. दोघांच्या जागेत पाव आट्याचाही फरक निघाला नाही.

चाचणीला आम्ही पसरणी घाटानं महाबळेश्वरला गेलो. सुमारे 1,350 मीटर उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा बारा-तेरा टक्के विरळ असते, म्हणून मुंबईत लावलेला कार्बोरेटर तिथं सहा-सात टक्के रिच चालतो. वाईहून जाताना फरक त्याच्या निम्माच. नव्या गाड्यांमध्ये धुराड्यातला ऑक्सिजन मोजून संगणक दर क्षणी पेट्रोल बदलतो. 2020 च्या बीएस-6 या धुराच्या नियमांनंतर बहुतेक मोटरसायकलींमधूनही कार्बोरेटर हद्दपार झाला तो यासाठीच, आणि धुराचा विचार केला तर ते बरंच झालं. आमचं जीपडं वर थोडं जड बोललं, पण बंद पडलं नाही.

परत आल्यावर प्लग काढून पाहिले. चारही फिकट चॉकलेटी. मिस्त्रींनी मामीकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि स्क्रूवर लाल ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारच्या धातूवर.

"हे कशाला?" मामांनी विचारलं.

"तुम्ही फिरवलात तर मला कळावं म्हणून."