रेसर्पीन आणि मनोविकारचिकित्सा

रेसर्पीन हे सर्पगंधेच्या मुळातले एक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींत सापडणारे, शरीरावर जोरकस परिणाम करणारे नत्रयुक्त द्रव्य. बाझल (स्वित्झर्लंड) येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी ते १९५२ मध्ये वेगळे केले, आणि पुढच्या वर्षी ते ‘सर्पासिल’ या नावाने बाजारात आले. क्लोरप्रोमाझीन या मनोविकारांवरच्या दुसऱ्या नव्या औषधाच्या जोडीने मनोरुग्णालयांत शिरलेले हे पहिल्या पिढीचे औषध. वॉर्डांतला त्याचा मुक्काम जेमतेम दशकभराचा. प्रयोगशाळेत ते जास्त टिकले.

आधीची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय या औषधाचे एवढे कौतुक का झाले ते कळत नाही. १९३० नंतरच्या दशकात मनोविकारांवर एकामागून एक जहाल उपाय आले. साकेलने इन्शुलिन देऊन रोग्याला बेशुद्धीत नेले, मेदुनाने कार्डियाझोल या औषधाची सुई टोचून झटके आणले, १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेती आणि बिनी यांनी त्यासाठी विजेचा वापर केला. लिस्बनच्या मोनिझने मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया काढली आणि १९४९ मध्ये त्याला तीबद्दल नोबेलही मिळाले. विजेचे झटके तेवढे सुधारित रूपात आजही उपयोगात आहेत. बाकी सारे मोडीत निघाले. तोवर रुग्णालये मात्र फुगतच होती. १९५५ मध्ये एकट्या अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. भारतात उलट तऱ्हा. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये मोजदाद केली तेव्हा साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या.

सर्पगंधा, मराठीत अडकई किंवा हरकी, हे करवीर कुलातले कमरेच्याही खाली राहणारे झुडूप. हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत, तसेच कोकण आणि सह्याद्रीच्या दमट, सावलीच्या जागी ते वाढते. मूळ नागमोडी, चवीला कडूजहर. सापाच्या विषावर, तापावर, पोटदुखीवर ते देत. बिहारकडे त्याचे नावच ‘पागल की दवा’. रात्र रात्र न झोपणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या माणसाला मुळाची पूड चारायची रीत तिथे जुनी. वनस्पतीच्या प्रजातीला ज्याचे नाव मिळाले तो जर्मन वैद्य राउव्होल्फ भारतात कधी आलाच नव्हता, ही एक गंमत.

आधुनिक अभ्यासाची सुरुवात १९३१ ची. त्या वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातून पाच अल्कलॉइडे काढली आणि त्यांतल्या काहींना कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन, अजमलिसीन अशी नावे दिली. त्याच वर्षी कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांचा लेख आला. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे औषध चालते, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. पुढे वीस वर्षांत जे काही जगभर गाजले त्याचे सार या एका ओळीत होते, पण लेख भारतीय नियतकालिकात छापलेला असल्याने परदेशात तो कोणी वाचला नाही. इथे मात्र औषध चालू राहिले. हिमालय कंपनीने १९३४ मध्ये ‘सर्पिना’ गोळ्या आणल्या. बिथरलेल्या हत्तीला हे मूळ चारताना पाहून संस्थापकांना ती सुचली, असे कंपनी सांगत आली आहे.

परदेशाचे दार उघडले ते मुंबईतून, आणि तेही रक्तदाबाच्या वाटेने. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. तो लेख वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा वापरायला घेतली. रक्तदाब उतरत होताच. शिवाय रुग्णांची धास्ती कमी होत होती, आणि तीही गुंगी न येता. तोवरच्या बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधांना हे जमत नव्हते. या वेगळेपणासाठी सीबाच्या यॉंकमन यांनी १९५३ मध्ये ‘ट्रँक्विलायझर’ हा शब्द वापरात आणला. त्याच वर्षी अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोरुग्णांवरच्या सर्पगंधेच्या उपचारांविषयी निबंध वाचला आणि त्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’पर्यंत पोचली.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये नेथन क्लाइन यांनी मुळाची पूड आणि शुद्ध रेसर्पीन दोन्ही वापरून पाहिले आणि १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या प्रयोगाची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. रुग्णालयात फुटलेल्या खिडक्यांना काचा बसवणारा एक कामगार होता. काही वॉर्डांत आपले काम एकदम कमी झाल्याचे त्याच्या ध्यानात आले. औषध चालू होते ते नेमके हेच वॉर्ड. कोणत्याही मापनपट्टीपेक्षा हे माप मला जास्त विश्वासाचे वाटते, कारण काचा मोजणाऱ्याला निष्कर्षाशी काही देणेघेणे नव्हते. १९५७ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीच्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत क्लाइन, क्लोरप्रोमाझीनवाले देनिकेर आणि लाबोरी यांच्यासोबत वकीलही होते. मनोविकारांवर वकील यांनी स्वतः काम केलेले नव्हते.

औषध सोसायला सोपे नव्हते. परिणाम दिसायला दिवस, कधी आठवडे जात. नाक चोंदे, नाडी मंदावे, जुलाब होत. मात्रा वाढली की हात थरथरत, चेहरा निर्विकार होई, चाल आखडे. पार्किन्सन रोगासारखेच हे चित्र.

हे असे का होते याच्या शोधातून खरे मोलाचे काम निघाले. १९५५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ब्रोडी, प्लेचर आणि शोर यांनी दाखवले, की रेसर्पीन दिल्यावर मेंदूतला सेरोटोनीनचा साठा रिता होतो. मनावर परिणाम करणाऱ्या औषधाचे मेंदूतल्या एका ठरावीक रसायनाशी थेट नाते जुळले. ब्रोडींकडे काम करून स्वीडनला परतलेले आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांवर प्रयोग केला. रेसर्पीन दिलेला ससा पापण्या मिटून, कान पाडून गठडी वळल्यासारखा बसून राहतो. त्याला एल-डोपा (शरीर ज्यापासून डोपामीन बनवते ते द्रव्य) टोचले आणि काही मिनिटांत तो हिंडू लागला. सेरोटोनीनची पूर्वद्रव्ये देऊन हे साधले नव्हते. डोपामीन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे आणि त्याच्या अभावाचा पार्किन्सनशी संबंध आहे, हा विचार इथून सुरू झाला. कार्लसन यांना नोबेल मिळाले ते २००० मध्ये. चेतातंतूच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत ही रसायने साठवली जातात. रेसर्पीन ती भरण्याची वाटच बंद करते आणि बाहेर राहिलेले रसायन विकरे (एन्झाइमे) फोडून टाकतात, हा उलगडा नंतर झाला.

नैराश्याचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा. रक्तदाबासाठी दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसर्पीन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे अहवाल १९५४ पासून येऊ लागले. अमाइने, म्हणजे सेरोटोनीनसारखी मेंदूतली संदेशवाहक रसायने, आटली की मन खचते, या सिद्धांताला त्यांनी आधार पुरवला, आणि १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी तो रीतसर मांडला. पण लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांवर यादृच्छिक चाचणी घेतली होती आणि १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली होती, तीत रेसर्पीनने रुग्णांना बरे वाटले, असे आढळले. ही चाचणी कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिली. सुबक सिद्धांतात न बसणारा पुरावा असा बाजूला पडतो.

क्लोरप्रोमाझीनचा गुण लवकर येई आणि त्याची मात्रा जुळवणे सोपे होते, म्हणून साठच्या दशकात मनोरुग्णालयांतून रेसर्पीन बाहेर पडले. रक्तदाबासाठी मात्र ते टिकले. भारतात ‘अडेल्फेन’ या मिश्र गोळीतून किती आजोबांनी ते वर्षानुवर्षे घेतले असेल. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याचे तीन अभ्यास आले, पुढच्या तपासात तो टिकला नाही, पण लौकिकाला धक्का बसायचा तो बसलाच. मेंदूतल्या रसायनांचा साठा रिता करण्याच्या त्याच तत्त्वावर चालणारे टेट्राबेनाझीन हे औषध आज अंगाच्या अनैच्छिक हालचालींवर देतात.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत मागणी एवढी वाढली की भारत सरकारने कच्च्या मुळांच्या निर्यातीवर बंधने घातली. परदेशी कंपन्या मग सर्पगंधेच्या आफ्रिकी जातीकडे वळल्या. वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये प्रयोगशाळेत रेसर्पीनचे संपूर्ण संश्लेषण केले. रसायनशास्त्रात ते गाजले, तरी मुळातून काढलेलेच स्वस्त पडत राहिले. औषध मुळात असल्याने झुडूप समूळ उपटावे लागते, आणि मूळ काढण्याजोगे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. १९९० पासून सर्पगंधेचा समावेश वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.