बीपीची गोळी मधेच का बंद पडते?

दांडेकर पूल परिसरातल्या आमच्या औषध दुकानाकडून ग्राहकांसाठी

महिन्याची वीस तारीख उलटली की काउंटरवर एक वाक्य रोज कानावर पडतं : "चारच गोळ्या द्या, पगार झाला की बाकीच्या नेते." चार गोळ्या चार दिवसांत संपतात. पगाराला अजून आठवडा असतो. तेवढ्यात बीपी पुन्हा वर जातं.

औषध चालू असूनही बीपी आटोक्यात येत नाही, त्यामागे अनेकदा हाच खंड असतो. त्यात चूक तुमची एकट्याची नाही. दवाखान्यात रांग लावायची तर दिवसाचा खाडा पडतो, आणि घरात आधी मुलांचं, नवऱ्याचं औषध येतं, बाईचं शेवटी. पण डोकं दुखत नाही म्हणजे बीपी उतरलं, असं धरून चालू नका. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, ते मोजल्यावरच कळतं. साधारणपणे ते १४०/९० च्या खाली हवं. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर याहूनही खाली ठेवायला सांगतात. आणि गोळी घेऊन आकडा खाली आला असेल, तर तो गोळीनेच आलेला असतो.

धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक ताई कितीतरी महिने बीपीची 'पाण्याची गोळी', म्हणजे लघवी जास्त करवणारी गोळी, टाळत होत्या. चार घरची कामं, आणि मधे लघवीला जायला जागा नाही. हे त्या डॉक्टरांना बोलल्याच नाहीत. औषध लागू पडत नाही असं वाटून डॉक्टरांनी डोस वाढवला. ताई, असं लपवू नका. गोळीची वेळ बदलता येते, गोळीही बदलता येते. गोळीमुळे पायाला सूज आली, कोरडा खोकला लागला, तरी तेच : परस्पर बंद करू नका, सांगा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका. शेजारणीची गोळी तर नकोच.

पैशांची अडचण असेल तर स्पष्ट सांगा. डॉक्टरांना त्याच औषधाची जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने मिळणारी, गोळी लिहून द्यायला सांगा. ती जनऔषधी केंद्रात आमच्यापेक्षा स्वस्त मिळत असेल तर तिथून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यातही विचारून पाहा. गोळी कुठून घेता यापेक्षा ती रोज पोटात जाणं महत्त्वाचं.

कंबर धरली की हमाली करणारे कितीतरी जण डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मागतात. या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतं, किडनीवरही ताण येतो. बीपी असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

मीठ दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. भाजी नसली की भाकरी खर्ड्यावर आणि लोणच्यावरच उतरते, हे आम्हाला माहीत आहे. तरी पापड, फरसाण, खारे शेंगदाणे निदान रोज नकोत. तंबाखू, मिश्री आणि दारू सोडाच.

तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा छातीत दुखायला लागलं, तर दुकानात येऊ नका. लगेच १०८ ला फोन करा.

बीपी आम्ही मोफत मोजून वहीत लिहून देतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. आल्यावर पाच मिनिटं पाय जमिनीला टेकवून शांत बसा. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंही आणा, म्हणजे किती दिवसांच्या गोळ्या राहून गेल्या ते एकत्र बसून मोजू.